गुण कमी आले तरी बोट पुढे करा

डहाणू-तलासरीच्या पाड्यावर आशाताई आजारांचा धोका मोजणारा सीबॅकचा फॉर्म घेऊन येते तेव्हा तिशीच्या पुढची बरीच माणसं घरी नसतात. कोणी वापीला कंपनीत, कोणी चिकूच्या वाडीत, कोणी खलाशी म्हणून बोटीवर. घरात सापडलेली सून मग सगळ्यांची उत्तरं देते. नवऱ्याचं वय, सासऱ्याची बिडी, दिराच्या कमरेचा घेर, सगळं अंदाजपंचे. बेरीज होते, गुण कमी भरतात आणि माणूस सुटतो. सुटतो म्हणजे त्याचं रक्त तपासायचं राहून जातं.

फॉर्म कसा भरायचा हे आशाताईला प्रशिक्षणात शिकवलेलं असतं. पण पाड्यापाड्यांत पायपीट करणाऱ्या एका बाईच्या हातून प्रत्येक कमरेला टेप लागणं कठीण आहे. म्हणून हे लिहिणं आहे ते घरातल्या शिकलेल्या मुलामुलींसाठी, आश्रमशाळेतल्या गुरुजींसाठी, बचत गट चालवणाऱ्या बायांसाठी. फॉर्म तुम्ही भरून ठेवा, आशाताईला तो तपासू द्या. आणि इथल्या माणसाचे गुण कमी आले तर त्यावर फार विसंबू नका. का, ते पुढे येईलच.

शुगर हा बसून खाणाऱ्या शेठ लोकांचा आजार, आपल्या काटक माणसांना तो कुठून होणार, असं इथे सर्रास ऐकू येतं. याचं उत्तर पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या कामात सापडतं. १९९३पासून त्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायांचा आणि त्यांच्या बाळांचा पाठपुरावा केला. तिथल्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलो भरलं, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५. आपली बाळं स्नायूंनी आणि पोटातल्या अवयवांनी लहान होती, पण कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. दिसायला किडकिडीत, आतून चरबीदार. २००४ साली डॉ. याज्ञिक यांनी 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचा आणि जॉन युडकिन या ब्रिटिश सहकाऱ्याचा शेजारी शेजारी उभा फोटो छापला. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के.

आता आपल्या भागाचा हिशेब मांडा. १९९२ साली जव्हारकडच्या वावर-वांगणीच्या कुपोषणातल्या बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला. तेव्हा हा सगळा टापू ठाणे जिल्ह्यातच होता, पालघर वेगळा झाला तो २०१४मध्ये. त्या काळात पाळण्यात असलेली पिढी आज तिशी ओलांडून गेली आहे, म्हणजे नेमकी फॉर्मच्या वयात आली आहे. लहानपणी पोटाला कमी मिळालं, आणि आता कंपनीतलं एका जागचं काम, पाच रुपयांची फरसाणची पुडी, बिस्किटं, दिवसातून चार वेळा गोड चहा. असं शरीर फार जाड न होताही मधुमेहाकडे झुकू शकतं.

मधुमेहाचा स्वभावही असा की तो वर्षानुवर्षं गप्प बसतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासात मधुमेहींची संख्या अंदाजे १० कोटी १० लाख निघाली, आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांची त्याहून जास्त, १३ कोटी ६० लाख. उंबरठ्यावरच्यांना बहुधा काहीच जाणवत नाही. म्हणून प्रश्नावली.

आशाताईकडचा सीबॅक फॉर्म तीस वर्षांवरच्या प्रत्येकासाठी आहे. त्यात वय, तंबाखू, दारू, कमरेचा घेर, आठवड्याला दीडशे मिनिटांची हालचाल आणि घराण्यातला रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयविकार यांचे गुण धरतात. रोज तंबाखू किंवा बिडी असेल तर दोन गुण, रोज दारू असेल तर एक. बेरीज चारच्या वर गेली की त्या माणसाला तपासणीत आधी घ्यायचं. आधी घ्यायचं, एवढाच त्याचा अर्थ. चार किंवा कमी गुणवाल्यांनी तपासायचं नाही, असं त्या फॉर्मवर कुठेही लिहिलेलं नाही. तिशीवरच्या सगळ्यांची साखर वर्षातून एकदा बघायची, अशीच सरकारी कार्यक्रमाची योजना आहे. गडबड होते ती पाड्यावर पोचेपर्यंत.

दुसरी प्रश्नावली फक्त मधुमेहाची. चेन्नईच्या डॉ. वि. मोहन आणि सहकाऱ्यांनी ती २००५मध्ये मांडली. तिला इंडियन डायबेटिस रिस्क स्कोअर म्हणतात. प्रश्न चारच, एकूण गुण शंभर. वय पस्तिशीच्या आत असेल तर शून्य, ३५ ते ४९ला २०, पन्नास आणि पुढे ३०. कमरेचा घेर बायांचा ८० सेंटीमीटरच्या आत असेल तर शून्य, ८० ते ८९ला १०, नव्वद किंवा जास्तीला २०. पुरुषांसाठी याच पायऱ्या ९० आणि १००वर. नियमित व्यायाम आणि अंगमेहनतीचं काम दोन्ही असेल तर शून्य, दोन्हींपैकी एक असेल तर २०, दोन्ही नसेल तर ३०. आईवडिलांपैकी कोणालाच मधुमेह नसेल तर शून्य, एकाला असेल तर १०, दोघांना असेल तर २०. तिशीच्या आतली बेरीज म्हणजे धोका कमी, ३० ते ५० म्हणजे मध्यम, ६० आणि पुढे म्हणजे जास्त. मेहनतीच्या रकान्याचे गुण काही छापील फॉर्मवर वेगळे दिसतील. हातातल्या फॉर्मप्रमाणे चला, दोन फॉर्मची सरमिसळ करू नका.

वरवर पाहता पाच मिनिटांचं काम. डहाणू-तलासरीत मात्र यातला प्रत्येक प्रश्न अडतो.

वयापासूनच घ्या. इथल्या कितीतरी वडीलधाऱ्यांच्या आधारकार्डावर जन्मतारीख १ जानेवारी असते, म्हणजे ती कोणीतरी टेबलावर बसून टाकलेली. तिच्यावर जाऊ नका. थोरल्या लेकराचं वय विचारा, त्यात लग्नाच्या वेळचं वय मिळवा. आणीबाणीच्या आधी जन्मलेला माणूस पन्नाशीला पोचला, इतकं धरायला हरकत नाही. इंदिरा गांधी गेल्या तेव्हा ढोरं राखत होतो असं कोणी म्हणालं तर तोही बहुधा त्याच गटात. पस्तीस की छत्तीस यात रात्र घालवू नका, पन्नाशीच्या अलीकडे की पलीकडे एवढं नक्की करा. दहा गुणांचा फरक तिथे आहे.

कमरेचा घेर नजरेने ठरवायचा नाही. शिंप्याकडची टेप चालेल, पण तिची सेंटीमीटरची बाजू वापरा. इंचांचीच टेप असेल तर ८० सेंटीमीटर म्हणजे साडेएकतीस इंच, ९० म्हणजे साधारण साडेपस्तीस आणि १०० म्हणजे जवळजवळ साडेएकोणचाळीस. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मध्ये, उघड्या अंगावर, श्वास सहज सोडल्यावर माप घ्यायचं. लुगड्याच्या गाठीवरून किंवा पँटच्या पट्ट्यावरून घेतलेलं माप फुकट. बायांचं माप बाईनेच घ्यावं, आडोशाला, लुगडं सैल करून. हे सांगायला नको, तरी सांगतो, कारण शिबिरात गर्दी झाली की पहिली काट यालाच बसते. पुरुष पोट आत ओढून धरतात. त्यांना बोलतं ठेवा, मग टेप लावा.

मेहनतीचा प्रश्न सगळ्यात फसवा. 'व्यायाम करता का' असं लावणीहून आलेल्या माणसाला विचारण्यात अर्थ नाही. गेल्या वर्षातले बारा महिने विचारा. पावसाळ्यात आवणी, दिवाळीनंतर वीटभट्टी, असं असेल तर मेहनत नक्की धरा. पण फुग्याच्या कारखान्यात बसून पॅकिंग करणारी पोरगी, हायवेवरच्या हॉटेलात रात्रपाळी करणारा वॉचमन, चारोटी नाक्यावरचा रिक्षावाला, ही माणसं 'आदिवासी आहे म्हणजे कष्टाळू' या हिशेबात बसत नाहीत. दोन महिन्यांची शेती बाकीच्या दहा महिन्यांचं बसणं भरून काढत नाही.

आणि शेवटचा प्रश्न, आईबापाला शुगर होती का? उत्तर येतं, नाही. खरं उत्तर असतं, कधी कोणी बघितलंच नाही. बाप पायाची जखम चिघळून गेला असेल, आईला शेवटी दिसेनासं झालं असेल, आणि भगताकडे जाऊन येता येता ती गेली असेल. त्यांच्या आयुष्यात कोणी बोटाला सुई लावलेली नसते. अशा वेळी शून्य लिहू नका, 'माहीत नाही' लिहा. फॉर्मवर तशी जागा नसेल तर समासात लिहा. पाठची भावंडं, चुलते, आत्या यांची विचारपूस करा. त्यांचे गुण मिळत नाहीत, पण डॉक्टरला ती माहिती लागते.

आता एक बेरीज करून बघू. पंचावन्न वर्षांची बाई, कमर ७६, शेतात राबणारी, आईबापाचं माहीत नाही. वयाचे ३०, कमरेचे शून्य, मेहनत आहे पण वेगळा व्यायाम नाही म्हणून २०, घराण्याचं माहीत नाही म्हणून तिथे गुण नाहीत. एकूण ५०. साठ कधीच होणार नाहीत. सडपातळ आणि राबणारं माणूस इथे कितीही म्हातारं झालं, तरी आईबापाची तपासणी झालेली नसेल तर 'जास्त धोका' या खान्यात पोचतच नाही. गणितच तसं आहे. चेन्नईतसुद्धा, जिथे ही प्रश्नावली तयार झाली तिथेही, साठचा आकडा धरल्यावर दर शंभर मधुमेहींतले बहात्तरच्या आसपास सापडले आणि बाकीचे निसटले. ते चेन्नई शहर. सायवन किंवा उधव्याच्या माणसासाठी ती तयार केलेली नाही. म्हणून माझं मत सरळ आहे. इथे जास्त गुण आले तर त्याच आठवड्यात तपासा, मध्यम आले तरी तपासा, आणि वय तिशीच्या पुढे असेल तर कमी आले तरी वर्षातून एकदा बोट पुढे करा. फॉर्मने रांगेतला क्रम ठरवावा, कोणाला रांगेबाहेर काढू नये.

काही जणांसाठी तर फॉर्म बाजूलाच ठेवावा. ज्या बाईला गरोदरपणी साखरेचं पाणी पाजून रक्त काढल्यावर 'शुगर वाढली' असं सांगितलं होतं, तिची साखर बाळंतपणानंतर परत बघायची असते आणि पुढेही दर वर्षी. हे सगळ्यात जास्त विसरलं जातं, कारण बाळंतपण झालं की सगळ्यांचं लक्ष बाळाकडे. क्षयाचं औषध चालू असलेल्या प्रत्येकाची साखर बघायची. रक्तदाबाची गोळी घेणाऱ्यांची बघायची. रात्री तीनचार वेळा लघवीला उठणं, घसा कोरडा पडणं, लघवीला मुंग्या लागणं, जांघेत वारंवार खाज, बरी न होणारी जखम, खाऊनही वजन उतरणं यातलं काही असेल तर गुण मोजत बसू नका, सरळ दवाखाना गाठा. आणि तरुण, बारीक पोराला तहान आणि वजन उतरण्याच्या जोडीला उलट्या आणि जोराचा श्वास सुरू झाला तर त्याच दिवशी, त्याच तासाला न्या. तो प्रकार शिबिराची वाट बघण्याचा नाही.

बोट टोचण्याआधी हात साबणाने धुवा आणि कोरडे करा. डहाणू-घोलवडच्या पट्ट्यात हे दोनदा सांगायला हवं. चिकू सोललेल्या किंवा खाल्लेल्या बोटावर रस चिकटलेला असतो आणि यंत्र त्या रसातली साखरही मोजतं. नुसतं स्पिरिटच्या कापसाने पुसून भागत नाही, पाणीच लागतं. पट्ट्यांच्या डबीचं झाकण लगेच लावा, आपल्या पावसाळी दमट हवेत उघड्या राहिलेल्या पट्ट्या चुकीचे आकडे दाखवतात.

खाऊनपिऊन केलेल्या या बोटाच्या तपासणीत १४० किंवा जास्त आलं तर पुढची तपासणी. याचा अर्थ मधुमेह झाला असा नव्हे, नक्की करायचं बाकी आहे असा. नक्की करायला रात्रीच्या जेवणानंतर आठ तास पोटात पाण्याशिवाय काही नको, चहाही नको, ताडी तर नकोच. उपाशीपोटी १००च्या आत असेल तर ठीक, १०० ते १२५ म्हणजे उंबरठा, १२६ किंवा पुढे म्हणजे मधुमेह. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी १४० ते १९९ असेल तर उंबरठा, २०० आणि वर मधुमेह. लक्षणं नसतील तर एका आकड्यावर शिक्का मारत नाहीत, दुसऱ्यांदा बघतात. पक्कं निदान प्रयोगशाळेतल्या शिरेच्या रक्तावर होतं, बोटाच्या थेंबावर नाही.

'तीन महिन्यांची शुगर' म्हणून एक तपासणी असते, एचबीएवनसी. तिला उपाशी राहावं लागत नाही म्हणून ती सोयीची. ५.७ ते ६.४ उंबरठा, ६.५पासून मधुमेह. पण ती तांबड्या पेशींवर अवलंबून असते, आणि आपल्या भागात सिकलसेल आहे. सिकलसेलचा रुग्ण असेल तर तांबड्या पेशी लवकर मोडतात आणि हा आकडा खरा नसतो, बहुधा फसवा कमी येतो. नुसता वाहक असला तरी काही यंत्रांवर गडबड होते. उलट लोह कमी असलेल्या पंडुरोगात तो उगाच वाढलेला दिसू शकतो. नुकतंच रक्त चढवलेलं असेल तरी तो कामाचा नाही. म्हणून सिकलसेलचं कार्ड असेल तर शुगर तपासायला जाताना ते बरोबर न्या, आणि डॉक्टरने विचारलं नाही तरी दाखवा. अशांसाठी उपाशीपोटीची आणि ग्लुकोजनंतरची तपासणी भरवशाची. पंडुरोगाच्या बाईचा ग्लुकोमीटरचा आकडाही थोडा जास्त येऊ शकतो, तेव्हा प्रयोगशाळेतून खात्री करा.

उंबरठ्यावर सापडलेल्या माणसाला 'अजून काही झालेलं नाही, जा' असं सांगणं हा सरसकट होणारा अन्याय आहे. २००६मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय अभ्यासात अशा ५३१ जणांकडे तीन वर्षं लक्ष ठेवलं होतं. काहीच न केलेल्यांपैकी ५५ टक्के मधुमेही झाले. चालणं आणि खाणं सुधारलेल्यांत हे प्रमाण ३९ टक्क्यांवर आलं. इथे सुधारणा म्हणजे ओट्स नव्हे. चहातली साखर अर्धी, थंड पेयाची बाटली बंद, भाताचा ढीग लहान आणि त्याजागी वाल, उडीद, अंडं, मासळी, पावसाळ्यात रानभाज्या. नागलीची भाकरी चांगलीच, पण तीही मोजून, नागलीने साखर वाढत नाही हा गैरसमज आहे. वाडीतला चिकू सोडायला नको, एक बस्स, टोपलीतून येताजाता नको. बारीक माणसाला मात्र वजन उतरवायला सांगू नका. त्याची साखर वाढलेली असेल तर उपाशी राहणं हा उपाय नाही, डॉक्टरला दाखवणं हा आहे. कुपोषणाशी जोडलेल्या मधुमेहाला आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने २०२५मध्ये 'टाइप ५' म्हणून स्वतंत्र ओळख दिली, त्याचे उपचार वेगळे असू शकतात.

जायचं कुठे? पहिली सुई उपकेंद्रातच, म्हणजे आताच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात टोचून मिळते. पुढच्या तपासणीला प्राथमिक आरोग्य केंद्र, तलासरीचं ग्रामीण रुग्णालय, कासा आणि डहाणूची उपजिल्हा रुग्णालयं. १५ ऑगस्ट २०२३पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासण्या आणि उपचारांना पैसे पडत नाहीत. तलासरीची सीमेवरची माणसं सिल्वासा किंवा वापी गाठतात, तेही चालेल, पण दोन ठिकाणची दोन पुस्तकं करू नका.

शिबिर भरवणाऱ्यांना एक सांगणं. जानेवारीत पाड्यावर भेटतात ती म्हातारी आणि पोरं. माणसं गाठायची तर होळीला, किंवा मासेमारीबंदीत खलाशी घरी असतात त्या जून-जुलैत, नाहीतर दिवाळीच्या आधी. आणि सकाळी लवकर, कंपनीची गाडी सुटायच्या आत.

मधुमेह निघालाच तर भट्टीवर किंवा बोटीवर निघण्याआधी दवाखान्यातून जास्तीत जास्त दिवसांच्या गोळ्या मागून घ्या आणि चिठ्ठीचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेऊन जेवण चुकलं तर घाम फुटतो, हात थरथरतात, माणूस बरळायला लागतो. मुकादमाला, बोटीवर तांडेलाला हे आधी सांगून ठेवा, नाहीतर दारू प्यायलाय म्हणून त्याला कोपऱ्यात झोपवतील. शुद्धीत असेल तर लगेच साखरेचं पाणी आणि मग जेवण द्यावं. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही न घालता दवाखान्यात न्यावं.